तात्याची डबल बेल

माझ्या दाराच्या चौकटीला एक घंटा टांगली आहे. पितळी, सोललेल्या नारळाएवढी, रुंद चामडी पट्ट्याची. आल्यागेल्याला मी तिची वेगवेगळी हकिगत सांगतो. दूधवाल्याला सांगितलं, ही ज्या गाईच्या गळ्यात होती ती एका धारेला पिंपभर दूध द्यायची आणि वर तुमच्या म्हशीची चौकशी करायची. व्याह्यांना सांगितलं, हिच्या आवाजानं डोंगरावरचा बर्फ सुटून खाली येतो, म्हणून तिकडच्या पोलिसांनी हिला हद्दपार केलंय. दोघांनीही मान डोलावली. आमच्या कोल्हापुरात गोष्ट खरी का खोटी हे कोणी विचारत नाही. पुढं काय झालं, तेवढंच विचारतात.

पुढं काय झालं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. ही घंटा मी कितीतरी वेळा दोनदा वाजवली. शेवटची मात्र एकदाच वाजवली, आणि तिच्या पुढची दोनदा वाजवायची राहून गेली. ज्याच्यासाठी वाजवायची तो तात्या ड्रायव्हर गेल्या उसाच्या हंगामात गेला.

तात्या लाल गाडीचा ड्रायव्हर आणि मी त्याचा कंडक्टर. लाल गाडीत कंडक्टरला मास्तर म्हणतात. शाळेनं मला दारात उभं केलं नाही आणि डेपोनं एका दिवसात मास्तर केलं. कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूरचं जंगल, फोंड्याचा घाट आणि खाली कोकण, हा आमचा जन्माचा रस्ता. तात्या दिसायला हँडब्रेकसारखा होता. लांब, सडसडीत, किंचित मागं कललेला, आणि एकदा ओढून धरला की बापाच्यानं न हलणारा.

गाडीचा कायदा त्याच्या अंगात मुरला होता. कंडक्टरनं दोरी ओढून घंटी दोनदा दिली की निघायचं, एकदा दिली की थांबायचं. का थांबायचं, हे विचारायचं नाही. "का, ते मास्तरला ठावं. मला म्होरलं दिसतंय, त्येला मागलं," एवढंच तो म्हणायचा. एकदा डेपोचे एक बडे साहेब पुढच्या सीटवर बसले होते. त्यांना घाई होती आणि मी खाली कांदाभजी खात होतो. साहेब म्हणाले, "चला हो तात्या, तो येईल मागनं." तात्या आरशात बघत म्हणाला, "साहेब, तुमी माझा पगार कापा न्हायतर मान कापा. गाडी डबलवर निघती." साहेबांनी खाली उतरून स्वतः माझी भजी संपवली, तेव्हा गाडी हलली.

दुसरी गोष्ट हाताची. रस्त्याच्या कडेला कुणी हात केला की तात्या थांबणारच. थांबा असो नसो, गाडी खचाखच भरलेली असो. "हात म्हंजे हात. कुणाचा, कशापायी, ते बघत बसाया आपण काय ज्योतिषी हाय?" राधानगरीच्या अलीकडं एका शेतातलं बुजगावणं हात पसरून उभं होतं. त्याच्यासाठी तात्या आठवडाभर रोज थांबला. शेवटी शेतकऱ्यानं गाडीसमोर येऊन हात जोडले आणि बुजगावण्याचे हात खाली बांधून टाकले. त्या वर्षी त्याचं निम्मं भात पाखरांनी खाल्लं, पण लाल गाडी वेळेवर पोचली.

आणि तंबाखू. तात्या तंबाखू खात नसे, काचेला चोळत असे. पावसात गाडीचा वायपर मान टाकायचा तेव्हा ओल्या तंबाखूचा बोळा काचेवर फिरवायचा, की पाणी ठरत नाही, ओघळून जातं. ही विद्या सगळ्या जुन्या ड्रायव्हरांना येत होती, पण तात्या ती अशी चोळायचा, जशी आई लेकराला टाळूला तेल घालते. दाजीपूरच्या पुढं धुकं असं धरायचं की मी एकाला फाडलेलं तिकीट दुसऱ्याच्याच हातात निघायचं. एकदा त्या धुक्यात एक गवा गाडीत चढला, उभ्यानंच राधानगरीपर्यंत आला, आणि धुकं विरल्यावर आम्हाला कळलं की त्याचं तिकीट राहिलं. तात्या मागं न बघता म्हणाला, "मास्तर, हाफ का फुल?"

असल्या धुक्यातही तात्यानं गाडीला कधी ओरखडा काढला नाही. "चढताना जो गिअर, उतरताना त्योच गिअर," हे त्याचं तत्त्वज्ञान. लग्नात नवऱ्या मुलाला तो हाच आशीर्वाद द्यायचा. मुलं गोंधळून पाया पडायची.

डोळ्यांचा तर त्याला गर्वच होता. वर्षाच्या वर्षाला तपासणी असायची, भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगलेला. तक्ता इतकी वर्षं तोच होता, आणि तात्याला तो वरपासून खालपर्यंत आणि खालपासून वरपर्यंत पाठ झाला होता. कॅन्टीनमध्ये डोळे मिटून म्हणून दाखवायचा, आरती म्हणावी तसा, ठेक्यात. आम्ही टेबलं बडवून साथ द्यायचो. आता ते आठवलं की मला हसू येत नाही.

निवृत्तीच्या दिवशी गळ्यात घातलेला हार त्यानं काढून स्टेअरिंगला घातला आणि कसबा बावड्यात घरी येऊन बसला. बसला म्हणजे नावाला. गल्लीत कुणाचंही वऱ्हाड असो, कुणाला दवाखान्यात न्यायचं असो, गाडी तात्याच चालवणार. त्याला मरणाची भीती नव्हती. एकच भीती होती, आणि ती त्यानं फक्त मला सांगितली होती. रंकाळ्यावर शेंगा खात बसलो होतो. म्हणाला, "मास्तर, माज्या हातातनं स्टेअरिंग कुणी काढून घेतलं न्हाय पायजे. सोडायचं त्या दिशी मी हून सोडीन. पर कुणी म्हणलं, तात्या, आता सरका, तर माझं काय खरं न्हाय बघ."

तात्याला एकच मुलगी, पल्लवी. जर्मनीत स्टुटगार्टला इंजिनिअर आहे, गिअरबॉक्सच्या कारखान्यात. बापाचं रक्त. एका हिवाळ्यात तिचा फोन आला. तिकडं चाकावरच्या खोल्या भाड्यानं मिळतात. व्हॅनच असते, पण आत बिछाना, शेगडी, मोरी, सगळं. ती घेऊन आल्प्स पर्वतातली बर्फाची गावं फिरायची, जिथं लोक पायाला फळ्या बांधून डोंगरावरून घसरतात. राहायचं गाडीत, जेवायचं गाडीत, आणि जगातले सगळ्यात बाके घाट.

"चालवणार कोण?" तात्यानं विचारलं.

"तुम्ही आणि मी, आलटून पालटून."

"आणि मास्तर?"

"बाबा, मास्तरकाका कशाला?"

"मग डबल कोण देणार? तुजी आई?"

अशा रीतीनं माझा पासपोर्ट निघाला. तात्याचा परदेशी गाडी चालवायचा परवानाही निघाला. डोळ्यांचा दाखला लागला तेव्हा तात्या गालात हसला. तक्ता तोच होता.

विमानात वहिनींनी, म्हणजे तात्याच्या बायकोनं, सोबत काय घेतलं ते वजनकाट्यालाच ठाऊक. भाकरीचं पीठ, तवा, परात आणि कांदा-लसूण चटणीची बरणी. चटणी एवढी लालभडक की तपासणीच्या यंत्रातून जाताना यंत्रालाच ठसका लागला.

स्टुटगार्टला व्हॅन बघून तात्यानं तिला एक फेरी मारली, टायरांना लाथा घातल्या, खाली झोपून पोट तपासलं. मग रुबाबात उजव्या बाजूचं दार उघडलं. आत स्टेअरिंग नव्हतं. कुणाचं न्हाणीघर चुकून उघडावं तसं त्यानं ते दार अदबीनं लावलं आणि पलीकडून जाऊन बसला. बोलला ते वेगळ्याच गोष्टीवर.

"पल्ले, स्टेपनी कुठं हाय?"

"स्टेपनी नसते बाबा इथं. पंक्चर झालं तर फोन करायचा, मदत येते."

"स्टेपनी न्हाय? मग माणसं निघत्यात कुणाच्या भरवशावर? फोंड्याच्या घाटात फोन केला तर मदत न्हाय, बिबट्या येतो!"

शेवटी निघायची वेळ झाली. इंजिन चालू, पल्लवी शेजारी, वहिनी तिच्यामागं, मी सगळ्यात मागं बिछान्यावर. गाडी हलेना. पल्लवी म्हणाली, "बाबा, निघायचं ना?" तात्या आरशात बघत म्हणाला, "मास्तर झोपलंय व्हय?" मी फळीच्या कपाटावर दोनदा हात मारला. गाडी निघाली, कपाटाचं दार निघालं आणि मागोमाग सगळ्या ताटल्या निघाल्या. म्हणून ऑस्ट्रियातल्या पहिल्याच गावात मी ही गाईची घंटा घेतली आणि छताला टांगून तिला नाडी बांधली. वहिनी बघून म्हणाल्या, "आमच्या म्हशीच्या गळ्यात बांधली तर म्हस बसल्या जागची उठायची न्हाय." पण तात्यानं तो आवाज ऐकला आणि त्याचे खांदे ऐसपैस खाली आले. डेपोतून बाहेर पडताना यायचे तसे.

मग आम्ही गावामागून गाव घेत सुटलो. काय थंडी! चहा कपात ओतेपर्यंत त्याची कुल्फी व्हायची. गाडीच्या मोरीचं पाणी गोठलं की वहिनी नळीला शिव्या द्यायच्या, आणि त्या शिव्यांच्या उबेनं ते सुटायचं. पल्लवी म्हणते, तिनं गरम पाणी ओतलं म्हणून सुटलं. तिचं शिक्षण जास्त झालंय.

चाकांना साखळ्या घालायचं तंत्र तात्यानं एका दुपारी शिकून घेतलं, आणि संध्याकाळपर्यंत त्या तळावरच्या सगळ्या गाड्यांना साखळ्या घालून दिल्या. ज्यांना नको होत्या त्यांनाही. प्रत्येक वळणावर हॉर्न. पल्लवी विनवायची, "बाबा, इथं हॉर्न वाजवत नाहीत हो." तात्या म्हणायचा, "म्हणून तर वाजवाय पायजे. ह्यांस्नी सवय न्हाय, म्हणून झटकन ऐकू जातंय."

घसरणाऱ्या लोकांचं त्याला कोडं पडलं होतं. लोक दोरीच्या पाळण्यातून वर जायचे, फळ्यांवरून खाली यायचे, की पुन्हा पाळण्याच्या रांगेत. तात्या गाडीच्या पायरीवर बसून तासन्‌तास बघायचा. "मास्तर, ह्या गाडीला शेवटचा ष्टॉपच न्हाय की रं. कुणालाबी कुठं पोचायचं न्हाय." मग जरा वेळानं, "बरं हाय. पोचलं की उतराय लागतं."

खरी मजा हाताची झाली. तिकडची माणसं दिलखुलास. रस्त्यानं फळ्या खांद्यावर घेऊन चालले असले तरी गाडी दिसली की हात हलवतात. त्यांचा नमस्कार तो. तात्याला नमस्कार कुठला ठाऊक? हात दिसला की ब्रेक. पल्लवी कपाळाला हात लावायची, तोवर मी मागचं दार उघडून म्हणायचो, "चला, चला, पुढं सरका, म्होरं जागा हाय." ते बिचारे भांबावून आत यायचे. एका दिवशी आमच्या त्या खोलीएवढ्या गाडीत सोळा माणसं, बत्तीस फळ्या आणि एक कुत्रं होतं, आणि सगळे भाकरी खात होते. सोळा नसतील, पण कुत्रं होतं.

त्यातलीच मार्थाबाई. आम्ही ज्या गावी सगळ्यात जास्त दिवस राहिलो तिथली म्हातारी. ऐंशीच्या पुढची, लाल कोट, खांद्यावर फळ्या, चालणं पैलवानासारखं. पहिल्या दिवशी तिनं नुसता नमस्काराचा हात हलवला आणि गाडीत चढवली गेली. दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी चढणीच्या कडेला त्याच दगडापाशी उभी राहून रीतसर हात करायची. मी तिला गाडी उभी करायची जुनी पावती तिकीट म्हणून फाडून द्यायचो, ती जपून खिशात ठेवायची. वहिनी तिच्याशी कोल्हापुरीत बोलायच्या, ती वहिनींशी जर्मनमध्ये. गुडघेदुखीवर दोघींचं पूर्ण एकमत झालं होतं.

चटणीचा प्रसंग तिथलाच. उतारावर वहिनींच्या हातून बरणी निसटली, फुटली आणि शुभ्र बर्फावर हा मोठा लालभडक सडा पडला. मी तो पुसायला गेलो आणि तो आणखीच लांबवर पसरला. पाच मिनिटांत वरून बर्फावरचे मदतवाले स्ट्रेचर घेऊन आले. लाल डाग बघतात, मला बघतात, माझे लाल हात बघतात. जखमी कुठं आहे, विचारतात. तात्या पुढं झाला, बोटानं चटणी उचलून त्यांच्यातल्या पुढाऱ्याच्या जिभेवर ठेवली. मग स्ट्रेचरवरून त्यालाच न्यावं लागलं. बाकीचे मागं थांबले आणि भाकरी खाऊन गेले.

हे सगळं मी घोळक्यात सांगतो तेव्हा लोक पोट धरून हसतात. इथवरच सांगतो. कारण त्याच आठवड्यात मला दोन गोष्टी दिसल्या होत्या.

एक, तात्या चहा ओतताना थोडा कपाबाहेर ओतायचा. विचारलं तर म्हणायचा, "गाडी तिरकी लावलीया पल्लीनं." गाडी सरळ असायची.

दुसरी तंबाखू. पिशवीतून आणलेली तंबाखू तो रोज सकाळी काचेला चोळू लागला. बर्फ पडत असता तर मी समजलो असतो. पण आभाळ निळंजांभळं, ऊन असं लख्ख की बर्फाकडं बघवत नव्हतं, आणि काच आरशासारखी. "मास्तर, ही काच धुरकाटल्यागत दिसती. परदेशी काच, कामाची न्हाय." दुपारी पुन्हा उतरून चोळायचा. वहिनी एकदा माझ्याकडं बघत राहिल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "भावजी, घरात बी ट्यूबचं बटण चाचपून लावत्यात. मी इचारलं तर खेकसले. आता मी काय बोलू?" मी म्हणालो, "वहिनी, उन्हानं दिपत असतील डोळे." माझा आवाज मलाच खोटा लागला, आणि खोटं तर मी जन्मभर झक्कास बोलत आलोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या चढणीला लागलो. ऊन पडलेलं. तात्या रंगात येऊन फोंड्याच्या गोष्टी सांगत होता. दगड आला. दगडापाशी मार्थाबाई उभी होती. लाल कोट, मागं पांढरा डोंगर, हात पूर्ण वर. खालच्या तळावरून लहान पोरालाही दिसली असती.

तात्या थांबला नाही.

वेग कमी झाला नाही, मान वळली नाही, बोलणंही तुटलं नाही. खिडकीतून मला तिचा हात दिसला, वरच्या वर राहिलेला, मग हळूहळू खाली आलेला. बुजगावण्याला थांबणारा माणूस जित्या माणसाच्या हातावरून गाडी घेऊन गेला होता. पल्लवीनं बापाकडं पाहिलं. वहिनींनी वळून माझ्याकडं पाहिलं. पुढं वळण होतं, वळणाच्या बाहेर दरी होती, आणि कडेला फळ्या घेतलेली पोरं चालली होती.

मी नाडी ओढली. एकदा.

तात्यानं वाक्य अर्धं सोडलं, गाडी कडेला घेतली, थांबवली. का, ते विचारायचं नाही. पण त्या दिवशी त्यानं विचारलं.

"मास्तर, कोण हाय?"

"मार्थाबाई."

"कुठं?"

"मागं राहिली, तात्या. हात करून उभी होती."

तात्या आरशाकडं वाकला. मग त्यानं गाडी न्यूट्रलला घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. चावी काढून पुढच्या फळीवर ठेवली. उतरला आणि त्या निसरड्या रस्त्यानं, कडेच्या बर्फाला हात लावत, मागं चालत गेला. म्हातारीच्या खांद्यावरच्या फळ्या आपल्या खांद्यावर घेतल्या, तिला धरून आणलं, आणि मागच्या दारातून चढवली. तिला म्हणाला, "चुकलं, बाई." तिला काय कळलं देव जाणे. तिनं त्याच्या गालावर हातमोज्यासकट हात ठेवला.

मग तो पुढं गेलाच नाही. माझ्या शेजारी, बिछान्यावर बसला. म्हणाला, "पल्ले, घे गाडी."

"बाबा..."

"घे म्हणतो न्हवं. चढताना दुसऱ्यात घाल."

पल्लवी डोळे पुसून गाडी घेऊन निघाली. एरवी तिच्या पाळीलाही मी डबल द्यायचो, पण त्या दिवशी माझा हात वर गेला नाही. म्हणजे तात्या आयुष्यात पहिल्यांदाच डबलशिवाय निघालेल्या गाडीत बसला होता. सगळ्या वाटेत तो एकदाच बोलला. उतार लागला तेव्हा मागून हळूच म्हणाला, "चढताना जो गिअर..." पल्लवी म्हणाली, "उतरताना तोच, बाबा. घातलाय."

शेवटच्या दिवशी एका गावाबाहेर गाड्यांसाठी झाडून ठेवलेलं मोठं मैदान होतं. ओसाड, कुत्रंही नाही, कुंपण नाही, झाड नाही. पल्लवी म्हणाली, "बाबा, इथं एक चक्कर मारा. कुणी नाहीये." तात्यानं मैदानावरून नजर फिरवली. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "मास्तरनं सिंगल दिलीया. डबल पडल्याबिगर कसा जाऊ?"

नाडी माझ्या डोक्यावरच लोंबत होती. माझा हात उठला. समोर वहिनी होत्या. त्यांनी मान हलवली, एवढीशीच, नाही म्हणून. मी त्या हातानं टोपी नीट केली. वहिनींचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्या चढणीवर सिंगल दिली तेही चुकलं म्हणत नाही. आज तशी वेळ आली तर पुन्हा देईन. पण त्या ओसाड मैदानात दोनदा ओढली असती तर दरीत कोण पडणार होतं? बर्फ तुडवत एक गोल फेरी झाली असती, बस. हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

कोल्हापूरला आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे. कडेचं दिसणं आधी जातं, समोरचं मागाहून. गेलं ते परत येत नाही, राहिलंय ते औषधानं टिकवू. तक्त्याविषयी त्यांनी काही विचारलं नाही, कारण त्यांचा तक्ता वेगळा होता.

तात्यानं नंतर कधीच स्टेअरिंगला हात लावला नाही. कुणी वऱ्हाडाची गाडी चालवायला बोलवायला आलं तर म्हणायचा, "सिंगल पडलीया, बाबा," आणि लोक त्याला म्हातारपणाची चेष्टा समजायचे. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बावड्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. तात्या ओट्यावर खुर्ची टाकून त्या रांगेकडं तोंड करून बसायचा. दिसायचं थोडं, ऐकायचा सगळं. "ह्यानं बघ तिसऱ्यात घातली. इंजिन कसं कण्हालंय. उतर लेका दुसऱ्यात!" आणि त्याचा डावा पाय जमिनीवर क्लच दाबायचा.

गेल्या हंगामात, कोडोलीला एका लग्नाला जायच्या आदल्या दिवशी मी त्याच्याकडं निघालो होतो; लग्नाहून परतेपर्यंत तात्या राहणार नाही, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. व्हॅन परत देताना पल्लवीनं ही घंटा सोडवून मला दिली होती आणि ती माझ्याकडं फडक्यात गुंडाळून पडली होती. त्या दिवशी ती मी पिशवीत टाकली. ठरवलं होतं, ओट्यावर जाऊन, चेष्टा केल्यासारखी, दोनदा वाजवायची. काय व्हायचं ते होऊ दे. खुर्ची काय दरीत जाणार नव्हती.

मी रस्त्याच्या पलीकडं पोचलो. मधे ट्रॅक्टर चाललेले, म्हणून थांबलो. पलीकडं तात्या ओट्यावर बसलेला, नवा सदरा घातलेला. एक ट्रॅक्टर जवळ आला. चालवणाऱ्यानं गिअर अगदी बरोबर बदलला असावा, कारण तात्याचा चेहरा खुलला, आणि शाबासकी म्हणून त्यानं हात वर केला. पूर्ण वर.

ट्रॅक्टर थांबला. मागं दोन ट्रॉल्या भरून ऊस, त्याच्यामागं अख्खी रांग बोंबलायला लागलेली, हॉर्नवर हॉर्न. चालवणाऱ्यानं वाकून हाक दिली.

"काय तात्या, कुठं सोडू?"

तात्या हसला. हात तसाच वर होता.

"न्हाय बाबा, तू हो म्होरं," तो म्हणाला. "माज्या मास्तरनं अजून डबल दिली न्हाय."

ट्रॅक्टर निघाला, त्याच्यामागं रांग निघाली, आणि ती उसाची रांग संपेपर्यंत मला तात्या पुन्हा दिसला नाही. पिशवी माझ्या हातात होती. मी रस्ता ओलांडला तोवर वहिनी त्याला औषधासाठी आत घेऊन गेल्या होत्या, आणि ओट्यावर रिकामी खुर्ची रस्त्याकडं तोंड करून उभी होती.